सांध्याचा धनी

मराठीतले ‘जोडणे’ हे क्रियापद मोठे भाग्यवान आहे. त्याच्याविषयी कोणी वाईट बोलत नाही. माणसे जोडावीत, पुण्य जोडावे, चार पैसे गाठीला जोडावेत, असेच वडीलधारे सांगत आले. हात जोडले की नमस्कार होतो आणि नाते जोडले की सणाला एक पान वाढते. निंदा सगळी ‘तोडणे’ या बिचाऱ्या क्रियापदाच्या वाट्याला. दिवाळीच्या दिवसांत तर जोडण्याला ऊत येतो. पाडव्याच्या मुहूर्तावर घरात नवी वस्तू येते; दारात गाडी असली तर तिलाही काही शोभेचे किंवा सोयीचे नवे जोडले जाते. ज्याची सगळेच स्तुती करतात त्याची एकदा उलटतपासणी करावी, अशी मला सवय आहे. म्हणून या क्रियापदाला मी आज साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. उदाहरण मात्र उपनिषदांतले नाही. ते एका जीपगाडीचे आहे.

माझ्या एका पुतण्याला डोंगरात गाडी घालण्याचा नाद आहे. रस्ता संपला की खरा प्रवास सुरू होतो असे मानणाऱ्यांपैकी तो एक. सुटी मिळाली की मावळातल्या नाहीतर जव्हारकडच्या एखाद्या ओढ्यात चाके बुडवून यायचे, हा त्याचा विरंगुळा. त्याची गाडी जुन्या घडणीची आहे. पुढे-मागे अखंड आस, पोलादी पाट्यांवर तोललेले अंग आणि चारही चाकांना जोर देण्याची सोय. कारखान्यातून आली तशी ती त्याला तोकडी वाटू लागली, तेव्हा त्याने बाजारातून एकेक वस्तू आणायला सुरुवात केली. गाडी दोन इंच उचलणारे अधिक वाकाचे पाटे आणि त्यांच्या जोडीला लांब शॉक ॲब्सॉर्बर आले. खोल खाचांचे मोठे टायर आले. टपावर कॅरियर चढले. पुढे जाड नळ्यांचे लोखंडी गार्ड लागले आणि गार्डावर शंभर-शंभर वॉटचे दोन दिवे. सगळ्या वस्तू नामांकित, सगळ्यांच्या पावत्या जपून ठेवलेल्या. एकही वस्तू हलकी नव्हती हे मी मुद्दाम सांगतो. हलक्या मालाने दगा दिला असता तर या लेखाला विषयच उरला नसता.

पंधरा दिवसांत तीन तक्रारी उभ्या राहिल्या. गाडीने ताशी साठ किलोमीटर ओलांडले की टपाकडून अशी शीळ वाजे की शेजारी बसलेल्याने मागे वळून पाहावे. सत्तरच्या आसपास तळातून थरथर उठे आणि ती बैठकीतून थेट दातांपर्यंत पोचे. आणि ज्या दिव्यांनी रान उजळायचे, ते देवघरातल्या समईसारखे शांतपणे जळत; हॉर्न दाबला की आणखी मिणमिणत.

पुतण्या दुकानात गेला. तिथे उत्तर मिळाले, “दादा, आमचा माल चोख आहे. गाडीतच काहीतरी असेल. बॅटरी बदलून बघा.” बॅटरी बदलली, दिवे तसेच. तो गाडीच्या सर्व्हिस सेंटरवर गेला. तिथल्या माणसाने वाकून खाली पाहिले आणि तो म्हणाला, “हे बाहेरचे काम आहे. यात आम्ही हात घालणार नाही.” पुतण्या संतापून माझ्याकडे आला. “काका, दोघांपैकी एकजण नक्की खोटे बोलतोय!” मला मात्र वाटले की दोघेही खरे बोलत आहेत, आणि नेमकी तीच अडचण आहे. गाडी निर्दोष होती. वस्तूही निर्दोष होत्या. तरी दोष होता. मग तो राहत होता कुठे? आणि तो जिथे राहत होता त्या जागेचा धनी कोण?

या प्रश्नाच्या पूर्वार्धाचा विचार आपल्या वैशेषिकांनी फार पूर्वी करून ठेवला आहे. दोन वेगळ्या वस्तू एकत्र आल्या की त्यांच्यात ‘संयोग’ नावाचा गुण उत्पन्न होतो, असे ते म्हणतात. फुलाचा तांबडेपणा फुलात राहतो, गुळाची गोडी गुळात राहते. संयोग मात्र एकट्या कोणातच राहत नाही, तो दोघांत मिळून राहतो. गाडी पूर्ण उसवून पाहिली तरी त्यात तो सापडायचा नाही, आणि दिवा फोडून पाहिला तरी सापडायचा नाही. गुण जर दोघांत मिळून राहतो, तर त्या जोडणीतला दोषही दोघांत मिळूनच राहणार. म्हणून एका एका वस्तूची झडती घेणाऱ्याला तो कधी हाती लागत नाही. दुकानदाराने आपली वस्तू तपासली, सर्व्हिस सेंटरने आपली गाडी तपासली. सांधा कोणीच तपासला नाही, कारण सांधा कोणाच्याच दुकानात विकायला नव्हता.

गाडी म्हणजे लोखंडाचे सामान एकाजागी आणून ठेवलेले नसते. परस्परांशी भांडणाऱ्या गरजांमध्ये झालेला तो एक तह असतो. जीपचा इतिहासच पाहा. १९४० च्या जुलैत अमेरिकी सैन्याने १३५ कारखानदारांना विचारणा केली, की अशी अशी हलकी गाडी हवी आणि पहिला नमुना ४९ दिवसांत हवा. वजनाची अट तेराशे पौंडांची, म्हणजे सुमारे ५९० किलोंची होती. ती कोणालाच पाळता आली नाही आणि पुढे सैन्याला ती २,१६० पौंडांपर्यंत वाढवावी लागली. त्या वाढवलेल्या मर्यादेतही बसावे म्हणून विलिस कंपनीच्या अभियंत्यांनी आपल्या नमुन्याचा भाग न् भाग तपासून वजन छाटले. रंगाचा थर किती जाड द्यायचा इथपर्यंत हिशेब गेला. तीच विलिस जीप स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत महिंद्रांनी मुंबईत जुळवायला घेतली आणि ती आपल्या तालुक्यातालुक्यांतून फिरू लागली. ज्या गाडीत रंगाचेसुद्धा वजन मोजले गेले, तिच्या वंशातल्या गाडीला आपण एका दुपारी दीडदोन मण लोखंड सहज लटकवतो आणि म्हणतो, “थोडेसे जोडले!”

खरे पाहता, इथे केवळ भर घालता येतच नाही. भर घातली की तह मोडतो आणि नवा करावा लागतो. टायर मोठा बसवला तर चाकाच्या एका फेऱ्यात गाडी अधिक अंतर जाते. परीघ दहा टक्क्यांनी वाढला तर काटा साठ दाखवतो आणि गाडी सहासष्टने धावते; काटा खोटा बोलत नाही, तो जुन्या चाकाशी इमान राखून असतो. मोठे चाक थांबवायला ब्रेकला जास्त बळ लागते. पन्नास किलोंचे सामान गाडीच्या तळाशी ठेवले तर गाडी ते निमूटपणे वाहते. तेच टपावर ठेवले तर वळणावर गाडीचा तोल बदलतो. पुढे लोखंड वाढले की पुढचे पाटे दबतात. एकाला दिलेले दुसऱ्या कोणाच्या तरी ताटातून काढलेले असते. संसारात हे आपल्याला कळते. गाडीच्या बाबतीत मात्र कळत नाही, कारण गाडीला रुसता येत नाही.

शेवटी पुतण्याने गाडी एका वयस्क मिस्त्रींकडे नेली आणि मी गंमत म्हणून बरोबर गेलो. मिस्त्रींनी पहिल्यांदा विचारले ते “काय बिघडलेय?” असे नव्हे. “काय काय, कोणत्या क्रमाने बसवले?” असे त्यांनी विचारले. मग म्हणाले, “एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि आवाज गेला, तर कशाने गेला ते कसे कळणार?” हे ऐकून मला आमच्या न्यायशास्त्राच्या वर्गातला अन्वय-व्यतिरेक आठवला. कारण असेल तेव्हा कार्य असते, कारण काढले की कार्य जाते. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात याच पद्धतींची शिस्त लावून दिली. मिस्त्रींनी ना न्यायसूत्रे वाचली होती ना मिल. पण तेलकट हातांनी ते जे करीत होते ते हेच होते.

शिळेचे कारण पहिल्यांदा सापडले. कॅरियरचा पुढचा आडवा दांडा गोल आणि गुळगुळीत होता. वारा त्याच्यावरून जाताना मागे दोन्ही बाजूंनी आळीपाळीने भोवरे सुटतात आणि त्यांच्या ठेक्याने शीळ वाजते. मिस्त्रींनी दांड्यावर साध्या सुतळीचे तिरपे वेढे दिले, वेलीने खांबाला द्यावेत तसे. भोवऱ्यांचा ठेका मोडला, शीळ गेली. कारखान्यांच्या उंच धुरांड्यांना वरच्या भागात मळसूत्रासारख्या पट्ट्या बसवलेल्या दिसतात, त्यांचेही प्रयोजन हेच असते. कॅरियर चांगले होते, वाराही नेहमीचाच होता. वाजत होती ती त्यांची गाठभेट.

थरथरीला वेळ लागला. जुनी चाके घालून पाहिली, थरथर राहिली. म्हणजे टायर सुटले. मग मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडवून गाडी पुढच्या चाकांच्या जोरावर चालवली, थरथर नाहीशी झाली. पाटे उंच झाल्यामुळे गाडीचे अंग वर गेले होते, आस मात्र खालीच होती; दोहोंना जोडणारा शाफ्ट ठरल्यापेक्षा अधिक तिरपा झाला होता आणि फिरताना कुरकुरत होता. पाट्यात आणि आसेत पोलादी पाचर घालून आसेचे तोंड थोडे वर करणे हा त्यावरचा एक उपाय. उंची आवरती घेणे हा दुसरा.

दिव्यांचे दुखणे सर्वांत साधे आणि मला सर्वांत बोधप्रद वाटले. मिस्त्रींनी दिवे लावून, दिव्याच्या ऋण टोकापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मीटर धरला. तिथे काटा जवळजवळ शून्यावर हवा. तो एका व्होल्टच्या वर गेला. परतीची वाट अडलेली होती. दिव्याची आणि हॉर्नची अर्थची तार एकाच बोल्टखाली आवळलेली होती आणि बोल्टखाली होता गाडीचा सुंदर, चकचकीत, अखंड रंग. रंगातून वीज जात नाही. रुपयाएवढी जागा खरवडून लोखंड उघडे केले, तार बसवली, वर ग्रीस लावले, आणि त्या मंद समयांचे सूर्य झाले. दिवा निर्दोष, बॅटरी निर्दोष. आणि रंग तर इतका निर्दोष, की त्याच्या निर्दोषपणामुळेच सगळे अडले होते.

इथपर्यंत सगळे मजेचे होते. पुतण्या पाकिटाकडे हात नेत होता, तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, “थांबा दादा. तुम्ही सांगितलेले झाले. न सांगितलेले अजून बघायचे आहे.” त्यांनी जॅक चासीखाली लावून गाडी उचलली, पुढचे चाक अधांतरी लोंबू दिले आणि स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवले. मग मला खाली वाकायला सांगितले. चासीपासून चाकापर्यंत जाणारी ब्रेकची रबरी नळी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणलेली होती. लांब शॉक ॲब्सॉर्बरमुळे चाक आता पूर्वीपेक्षा खाली लोंबू शकत होते. नळी मात्र जुन्या मापाचीच होती. सपाट रस्त्यावर तिला कधीच काही झाले नसते. एखाद्या ओघळीत एक चाक खोल गेले असते, त्याच वेळी स्टिअरिंग वळलेले असते, तर ती फाटली असती. आणि ब्रेक गेल्याचे कळले असते ते पुढच्या उतारावर. तिने शीळ घातली नव्हती. तिने थरथर केली नव्हती. तिच्याविषयी कोणाचीच तक्रार नव्हती.

पुतण्याचा चेहरा उतरला. त्या गाडीत तो एकटा बसत नाही. त्याची दोन मुले मागच्या बाकावर उड्या मारत असतात.

त्या क्षणापासून मला या प्रश्नाच्या उत्तरार्धाचे, म्हणजे धनी कोण याचे, उत्तर दिसू लागले. पाटे बनवणाऱ्याने आपले पाटे तपासले असतील. गाडी बनवणाऱ्याने आपली गाडी हजारो मैल पळवली असेल. परंतु ही गाडी, हे पाटे, हे टायर, हे गार्ड आणि ही नळी, एवढी मंडळी एकत्र नांदतात कशी, हे जगात कोणीच कधी पाहिलेले नव्हते. अशी जोडणी पृथ्वीच्या पाठीवर पहिल्यांदाच, पुतण्याच्या अंगणात, एका रविवारी दुपारी अस्तित्वात आली होती. तिच्याविषयी जाणू शकणारा एकच माणूस होता, तो म्हणजे ती घडवून आणणारा. पाहण्याची जबाबदारी जो पाहू शकतो त्याच्यावर येते. दुसरा कोणी नसल्यामुळे ती वाटून घेता येत नाही. कायद्यानेही हे आपल्या परीने ओळखले आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातले ५२ वे कलम कारखान्याने नमूद केलेल्या घडणीत फेरबदल करण्यावर बंधन घालते, आणि ते बोट दाखवते थेट गाडीच्या मालकाकडे.

कोणी म्हणेल, “गाडी माझी, पैसा माझा, जीवही माझा, मग दुसऱ्याचे काय जाते?” पुतण्यानेही गार्डाविषयी हेच विचारले होते. इथे वैशेषिकांची आणखी एक बारीक नजर उपयोगी पडते. संयोग तीन प्रकारांनी होतो, असे ते सांगतात. एक वस्तू हलून दुसरीला भिडते. दोन्ही हलून एकमेकींना भिडतात. आणि तिसरा प्रकार म्हणजे एका संयोगातूनच दुसरा संयोग जन्मतो. हात झाडाला लागला की शरीरही झाडाला लागलेच. गार्ड गाडीला जोडले, आणि गाडी तर रस्त्याला आधीच जोडलेली आहे. म्हणजे ते गार्ड त्या रस्त्यावरून चालणाऱ्या प्रत्येकाला जोडले गेले. कुठल्या गावच्या वेशीजवळ चेंडूमागे धावत आलेल्या पोराच्या डोक्याच्या उंचीला ते लोखंड येते, हे त्या पोराला कोणी विचारलेले नसते. गाडीचे पुढचे पत्रे चेपले जातात ते दुबळेपणाने नव्हे. धक्का पोटात घेण्यासाठीच ते तसे केलेले असतात. ताठ गार्ड तो धक्का पोटात घेत नाही. तो थेट चासीला पोचवतो आणि समोर माणूस असेल तर माणसाला. एअरबॅग असलेल्या गाड्यांत तर पिशवी केव्हा फुगावी याचा अंदाजही त्याने चुकू शकतो. म्हणूनच युरोपीय संघाने २००५ मध्ये अशा गार्डांसाठी पादचाऱ्यांच्या दृष्टीने नियम केले, आणि आपल्या केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये अनधिकृत गार्डांवर कारवाई करावी, असे राज्यांना कळवले. दिव्यांचेही तसेच. आपले रान उजळणारा दिवा थोडा वर रोखलेला असला, तर घाटात समोरून सायकलवर येणाऱ्याची वाट तो पुसून टाकतो. आपण दिवा गाडीला लावला असे समजतो. तो त्याच्या डोळ्यांनाही लावलेला असतो.

मग काहीच जोडू नये का? जसे आले तसे ठेवावे? काही सज्जनांचे हे मत मला ठाऊक आहे. मला ते पटत नाही. कारखाना गाडी बनवतो ती सगळ्या देशासाठी. एखाद्या वाडीकडे जाणारी आषाढातली वाट त्याने पाहिलेली नसते. चिखलात रुतलेला दुधाचा टेम्पो ओढून काढायला नीट, चासीला पक्का बसवलेला हूक असणे ही चैन नाही. जोडलेच नाही म्हणजे निर्दोष राहिलो, हे निर्दोषपण आळशाचे आहे. आपल्या कोकणच्या हापूसचे काय? तोही जोडल्याशिवाय होत नाही. पण कलम बांधणारा माणूस पाहा. तो आधी खुंटाची आणि काडीची जाडी जुळवतो. काप दोघांनाही देतो. एकालाच कापून जोड होत नाही, हे त्याला माहीत असते. घट्ट बांधतो, आणि बांधून घरी जाऊन झोपत नाही. खुंटाला सांध्याखाली फुटवे येतात ते खुडतो. सांधा धरला की पट्टी वेळेवर सोडवतो, नाहीतर तीच पट्टी वाढत्या खोडाचा फास होते. त्याला कोणी सांध्याच्या तत्त्वज्ञानावर व्याख्यान दिलेले नसते. तो सांध्याचा धनी असतो, इतकेच.

मिस्त्रींच्या कामातही मी हीच धनीपणाची रीत पाहिली. एखादी वस्तू बसवताना ते पहिला बोल्ट आवळून टाकत नाहीत. सगळे बोल्ट आधी हाताने धरवतात, सगळ्या भोकांना आपापली जागा सापडू देतात, आणि मग पाना घेऊन थोडे थोडे, आळीपाळीने आवळतात. एकाच कोपऱ्याला आधी घट्ट केले की समोरच्या कोपऱ्यातले भोक बाजूला सरकते; मग माणूस बळ लावतो आणि आटे जातात. भोक जुळत नसेल तर ते आधी विचारतात की का जुळत नाही; कानस त्यानंतर. पत्र्याला भोक पाडावेच लागले तर त्याच्या उघड्या कडेला आधी रंग लावतात, कारण उद्याचा गंज तिथूनच शिरणार. शक्य तिथे कापणे टाळून बोल्टने बसवतात, म्हणजे पश्चात्ताप झालाच तर परतीची वाट राहते. आणि निघताना सांगतात, “दोनतीनशे किलोमीटर फिरून परत या. पुन्हा आवळायला लागेल.” नवे सांधे हादऱ्यांनी बसतात आणि बसले की सैल होतात. जोडणे हे एका दिवसाचे काम नाही, हे या एका वाक्यात आले.

पुतण्यापुढे मिस्त्रींनी हिशेब मांडला. उंची ठेवायची तर लांब नळ्या, पाचर, दिव्यांचा नवा रोख, आणि कायद्याला द्यायचे उत्तर, हे सगळे ठेवावे लागेल. पुतण्याने आठवडाभर विचार केला. मग माळ्यावर जपून ठेवलेले जुने पाटे आणि जुने शॉक ॲब्सॉर्बर परत घातले, टायर कंपनीने सांगितलेल्या मापाचे घेतले, गार्ड उतरवले आणि दिवे बंपरवर खाली, रोख जमिनीकडे ठेवून लावले. चासीला एकही काप दिलेला नव्हता म्हणून हे जमले. सुतळीचे वेढे दिलेले कॅरियर टपावर आहे. त्यावर आता तंबू आणि चटया जातात, पाण्याचे कॅन जात नाहीत. गाडी पूर्वीइतकी रुबाबदार दिसत नाही. पण ती कशी वागेल हे त्याला आता ठाऊक आहे, आणि गाडीवर मालकी म्हणतात ती बहुधा हीच असावी.

हा विचार लोखंडापुरताच राहिला असता तर मी तो दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवला नसता. दोन चांगल्या गोष्टींचा वाईट सांधा आपण घरोघर पाहतो. सून चांगली, सासू चांगली, आणि घरात मात्र ती तळातून येणारी थरथर. नवा साहेब हुशार, जुना कारकून इमानी, आणि कचेरीत फायली हलत नाहीत. लग्न जमवणारे मध्यस्थ अक्षता पडल्या की पान खाऊन मोकळे होतात, पुढे कुरकूर ऐकू आली की एका बाजूचे म्हणतात, “आमची मुलगी अशी नव्हती,” आणि दुसऱ्या बाजूचे म्हणतात, “आमच्या घरात असे कधी नव्हते.” दोघेही त्या दुकानदारासारखे आणि त्या सर्व्हिस सेंटरसारखे खरेच बोलत असतात. अशा वेळी दोषी कोण हे शोधणाऱ्याला आयुष्यभर पुरेल एवढे काम मिळते. दोष कुठल्या सांध्यात आहे हे शोधणाऱ्याला कदाचित रुपयाएवढी जागा खरवडून काम भागते.

इथे लोखंडात आणि माणसांत एक फरक आहे, आणि तो मी झाकून ठेवणार नाही. बोल्टला स्वतःला आवळता येत नाही. त्याला बाहेरचा धनी लागतो. माणसे मात्र स्वतःच सांध्याचे भाग असतात आणि स्वतःच फिटर. तिथे मिस्त्री बाहेरून येत नाही. म्हणून माणसांच्या जोडणीत जबाबदारी टाळायला अधिक वाव आहे. प्रत्येकाला वाटते की धनी दुसरा आहे. आणि म्हणूनच तिथे ती न सांगितलेली पाहणी अधिक मोलाची आहे. घरात जो तक्रार करतो त्याची शीळ सगळ्यांना ऐकू येते. जो मुकाट्याने ताणला जातो आहे, त्याच्याकडे कोणी तरी चाक लोंबवून, शेवटपर्यंत वळवून, मुद्दाम वाकून पाहावे लागते. सणाच्या दिवशी सगळ्यांच्या पानात वाढणारी आणि शेवटी उरलेसुरले घेऊन बसणारी ती कोण, तिच्यापासून ही पाहणी सुरू करायला हरकत नाही.

आता त्या क्रियापदाला पिंजऱ्यातून खाली उतरू द्यावे. मराठीत ‘जोडणे’ आहे आणि ‘जुळणे’ही आहे. काम नीट झाले की आपण म्हणतो, “मी जोडले.” बिघडले की म्हणतो, “जुळले नाही हो!” पहिल्या वाक्यात कर्ता असतो, दुसऱ्यातून तो हळूच निघून गेलेला असतो. साऱ्या प्रश्नाचे मूळ मला या निघून जाण्यात दिसते. ज्याला जोडायचे आहे त्याने खुशाल जोडावे; फक्त जुळले नाही तरी वाक्यात हजर राहावे.